बुद्ध नववा अवतार नव्हे. पण आमच्या मुलींनी नाचायचे काय?

जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांमधून आता भरतनाट्यम् आणि कथ्थकचे क्लास निघाले आहेत. आमच्या मुलीही तिथे जातात. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षेचे वाढीव गुण मिळतात म्हणून काही जातात, शेजारची जाते म्हणून काही जातात, आणि काही खरोखरच आवडते म्हणून जातात. त्यांनी जावे का? गेल्यावर तिथे काय नाचावे? या प्रश्नावर आमच्या चळवळीत बोलायला कुणाला सवड नाही. ॲट्रॉसिटीच्या केसेस, गायरानाचे दावे, शिष्यवृत्तीचे अडकलेले अर्ज यांतून डोके वर निघत नाही, तिथे नाचगाण्याचा विचार कोण करणार? आम्हीही केला नव्हता. पण गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि मग करावा लागला.

एक सहकारी आमच्याकडे आले. एस.टी.त वाहक, चळवळीत पंचवीस वर्षे, विहाराच्या बांधकामाला स्वतः विटा वाहिलेला माणूस. सोबत आठवीतली मुलगी. ती चार वर्षांपासून भरतनाट्यम् शिकते. तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ‘दशावतार’ नृत्यनाटिका बसवली जात होती आणि तिला बुद्धाची भूमिका मिळाली होती. ‘तुम्ही बौद्ध आहात ना, मग ही तुलाच शोभेल,’ असे तिला मोठ्या कौतुकाने सांगण्यात आले होते. मुलगी आनंदात होती. बाप मात्र अस्वस्थ होता. म्हणाला, ‘वकीलसाहेब, दर अशोक विजयादशमीला मी उभा राहून बावीस प्रतिज्ञा म्हणतो. माझीच पोर विष्णूचा नववा अवतार होऊन स्टेजवर उभी राहणार! शाळेला नोटीस काढा.’

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा नेमकी याच खोट्या प्रचाराला नकार देणारी आहे. तेव्हा बापाचे म्हणणे योग्यच होते. आम्ही तावातावाने सांगितले, ‘नोटिशीचे नंतर बघू, आधी क्लास बंद करा. ही त्यांची कला आहे, त्यांच्या देवांसाठी आहे. आपल्या मुलीला तिथे काय काम?’ मुलीचे डोळे भरून आले. तिने एवढेच विचारले, ‘मग काका, मी काय नाचू?’

कोर्टात उलटतपासणीची सवय असलेल्या आम्हाला या एका प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. हा लेख त्या उत्तराच्या शोधातून आला आहे.

प्रथम दशावताराचेच पाहू. शास्त्रीय नृत्याच्या मंचावर सर्वांत जास्त वेळा नाचल्या जाणाऱ्या विषयांपैकी हा एक. ओडिसीत तो जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’वरून येतो. बाराव्या शतकातल्या या काव्यात बुद्धाला अवतारांच्या रांगेत बसवून, त्याने यज्ञातील पशुहत्येची निंदा केली म्हणून त्याची स्तुती केली आहे. म्हणजे गोड बोलून घरात घेण्याचा प्रकार. भागवत पुराण तेवढेही गोड बोलत नाही. असुरांना मोहात पाडण्यासाठी विष्णूने बुद्धाचे रूप घेतले, असे ते सांगते. एकीकडे स्तुती, दुसरीकडे फसवणुकीचा आरोप, आणि दोन्हींचा परिणाम एकच: तथागताचा स्वतंत्र धम्म शिल्लक राहू नये.

पण गंमत पुढेच आहे. भरतनाट्यम् ज्या ग्रंथावरून शिकवतात तो नंदिकेश्वराचा ‘अभिनयदर्पण’ आम्ही मुद्दाम मिळवून वाचला. त्यात दहा अवतारांचे हस्त, म्हणजे हातांच्या मुद्रा, दिल्या आहेत. मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, बलराम, कृष्ण, कल्की. या यादीत बुद्ध नाही! त्यांच्याच शास्त्रात नाही. वकिलीत आम्ही एक गोष्ट शिकलो आहोत की विरुद्ध पक्षाचाच दस्तऐवज आपल्या बाजूने असेल, तर आवाज चढवावा लागत नाही. सहकाऱ्यांना घेऊन आम्ही शाळेत गेलो, ग्रंथाचे पान समोर ठेवले आणि प्रतिज्ञा म्हणजे आमच्यासाठी काय आहे ते शांतपणे सांगितले. नृत्य बसवणाऱ्या बाई ऐकून घेणाऱ्या निघाल्या. ‘मला हे कधी कुणी सांगितलेच नव्हते,’ असे त्या म्हणाल्या. बुद्ध यादीतून निघाला, बलराम आला. नोटीस काढावी लागली नाही.

आम्ही जिंकलो असे समजून घरी आलो. चार दिवसांनी तीच मुलगी आली आणि म्हणाली, ‘काका, आता मला बळीराजा केलंय.’

वाचकहो, इथे आमचे डोळे उघडले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त याच अवतारांची एकेक करून झडती घेतली होती. अवतारकथा म्हणजे या देशातल्या मूळ माणसांच्या पराभवाच्या कथा, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले. आमच्या खान्देशातली शेतकऱ्याची बाई दिवाळीला अजून इडापिडा टळून बळीचे राज्य येण्याची मागणी करते, आणि शाळेच्या मंचावर त्याच बळीच्या डोक्यावर वामनाचा पाय ठेवला की समोर बसलेले तिचेच नातेवाईक टाळ्या वाजवतात. आम्ही एका बुद्धाला बाहेर काढले, पण बाकीचे नऊ तसेच राहिले होते. एका भूमिकेवर हरकत घेऊन भागत नाही. कथानक कुणाच्या बाजूने रचले आहे, हे पाहावे लागते.

त्याच ‘अभिनयदर्पणा’त आणखी एक प्रकरण आहे. चार वर्णांचे हस्त! ब्राह्मण दाखवायचा तर दोन्ही हातांची ‘शिखर’ मुद्रा करायची आणि उजवा हात जानव्यासारखा फिरवायचा. क्षत्रियाचा वेगळा, वैश्याचा वेगळा, शूद्राचा वेगळा. आणि बाकीच्या अठरा जाती? त्यांचे हात त्यांच्या त्यांच्या कामावरून समजून घ्यावेत, असे ग्रंथ सांगतो. मनूने जे कायद्यात लिहिले ते इथे बोटांत बसवले आहे. ज्याचे जे काम, तीच त्याची ओळख, तोच त्याचा हात. आमची मुलगी घुंगरू बांधून हे पाठ करते, परीक्षेत लिहिते आणि पहिल्या वर्गात पास होते. तिला कुणी सांगत नाही की बाळ, हे हात म्हणजे चातुर्वर्ण्य आहे.

मग ही कला सोडून द्यावी का? आमचे पहिले उत्तर ‘होय’ होते. इतिहास वाचल्यावर ते बदलले, कारण ही कला मुळात ‘त्यांची’ आहे हेच खरे नाही.

नाट्यशास्त्रातच एक कथा आहे. शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नव्हता म्हणून सर्व वर्णांसाठी नाट्य हा पाचवा वेद निर्माण केला, असे सुरुवातीला म्हटले आहे. आणि शेवटी? भरताच्या मुलांनी रंगमंचावर ऋषींची टिंगल केली, म्हणून ऋषींनी त्यांना शाप दिला की तुम्ही शूद्र व्हाल. कथेतला चमत्कार बाजूला ठेवा, त्यातली कबुली तेवढी घ्या. नाचणारे, गाणारे, सोंग घेणारे हे खालच्या मानलेल्या समाजातले होते, आणि ते वरच्यांची टिंगल करत होते!

भरतनाट्यम्‌चा अलीकडचा इतिहास तर आणखी बोलका आहे. शंभर वर्षांपूर्वी हे नावच प्रचारात नव्हते. या नाचाला ‘सदिर’ म्हणत आणि तो देवदासींच्या घराण्यांत होता. त्याची आजची मांडणी तंजावरच्या चार भावांनी केली. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु. ते नट्टुवनार, म्हणजे नाच शिकवणाऱ्यांच्या घराण्यातले. त्यांना आश्रय होता तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांच्या दरबाराचा. सरफोजी १७९८ ते १८३२ गादीवर होते आणि त्यांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणेसुद्धा आहेत. म्हणजे हा नाच मराठी भाषेतही नाचला गेलेला आहे! पुढे देवदासी प्रथेविरुद्ध डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी चळवळ केली. १९४७ साली मद्रास प्रांतात देवदासी सोडण्यास बंदी करणारा कायदा झाला. आमच्या मुंबई इलाख्यात असा कायदा त्याआधीच, १९३४ साली झाला होता. कायदा आवश्यकच होता, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण त्याच काळात काय घडले ते पाहा. १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासला कलाक्षेत्राची पायाभरणी केली, सदिरचे भरतनाट्यम् झाले, त्यातला शृंगार ‘शुद्ध’ करण्यात आला आणि तो ब्राह्मण व सुखवस्तू घरांतल्या मुलींचा अलंकार बनला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी तो जपला त्यांच्या मुली मंचावरून उतरल्या. बालसरस्वतींसारखी एखादी थोर कलावती (१९१८ ते १९८४) आपल्या घराण्याचे नाव उघड सांगत शेवटपर्यंत नाचली. बाकीच्या घराण्यांच्या वाट्याला बदनामी आली आणि कीर्ती दुसरीकडे गेली. आज त्याच समाजातल्या नृत्य पिल्लई यांच्यासारख्या नर्तिका हा हिशेब जाहीरपणे मागत आहेत.

हे सगळे आम्ही त्या सहकाऱ्यांच्या घरी बसून सांगत होतो. कोपऱ्यात त्यांची म्हातारी आई ऐकत होती. तिच्या माहेरच्या नात्यात कुणी बाई तमाशाच्या फडात होती, एवढे आम्हाला ठाऊक होते. म्हातारी अहिराणीत म्हणाली, ‘भाऊ, आमन्या पोरी नाचन्यात ते तमाशा, त्यास्न्या पोरी नाचन्यात ते कला?’

यावर आम्ही काय बोलणार? सारंगखेड्याच्या यात्रेत ज्या मंचावर बाई नाचते त्या मंचाकडे सभ्य माणूस चोरून पाहतो, आणि नाट्यगृहात ज्या मंचावर बाई नाचते तिथे तो बायका-मुलांसह पुढच्या रांगेत बसतो. शासनाच्या पातळीवर शास्त्रीय म्हणून मान्यता असलेल्या नृत्यप्रकारांत महाराष्ट्राचा एकही नाही. आमची लावणी लोककला! ‘शास्त्रीय’ हा शब्द पुष्कळदा पायातल्या तालावरून ठरत नाही, पाय कुणाचे आहेत त्यावरून ठरतो. दिवंगत शर्मिला रेगे यांनी लावणी आणि तमाशातल्या स्त्रियांच्या प्रश्नावर हे मांडले. आमच्याच समाजातून शिकून अमेरिकेत प्राध्यापक झालेल्या शैलजा पाईक यांनी २०२२ साली आलेल्या ग्रंथात तमाशातल्या दलित स्त्रियांवर ‘अश्लील’ हा शिक्का कसा बसवला गेला याचा सविस्तर पट मांडला. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ही बातमी आमच्या घराघरात पोचायला हवी होती.

इथे काही वाचक बाबासाहेबांचे उदाहरण देतील. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, असे सांगितले जाते. पवळेसारख्या महार समाजातल्या स्त्रीला नाचवून मिळवलेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमधल्या सभेत बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांना तो अपमानाचा धंदा सोडण्यास सांगितले. हे खरेच आहे. पण बाबासाहेबांनी काय नाकारले? स्त्रीच्या देहाची विक्री नाकारली, तिची लाचारी नाकारली. त्यांनी ताल नाकारला नाही, सूर नाकारला नाही. नाकारला असता तर आंबेडकरी जलसे कुठून आले असते?

जलशाने काय केले ते नीट आठवा. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचाच साचा घेतला. ढोलकी तीच, बतावणी तीच, सवाल-जवाब तोच. पण गणपतीचे स्तवन गेले, गवळण-कृष्णाची छेडछाड गेली आणि त्या जागी महाडचे पाणी आले, शिक्षण आले, गावकी आणि मढी ओढणे सोडण्याची शपथ आली. आमच्या बापजाद्यांनी वाद्य फेकून दिले नाही, त्यावर दुसरे गाणे वाजवले. वामनदादा कर्डकांनी तेच केले, आमच्या मुक्ताईनगरच्या प्रतापसिंग बोदडेंनी तेच केले. मग भरतनाट्यम्‌च्या बाबतीत आम्ही एवढे हतबल का व्हावे?

आणखी एक शंका आमचे काही उपासक काढतात. धम्मात नृत्य-गीत वर्ज्य आहे ना? ते वर्ज्य आहे भिक्खूंना, आणि उपोसथाला अष्टशील घेणाऱ्या उपासकाला त्या दिवसापुरते. पंचशीलात ते नाही. उलट बौद्धांनी या देशात नाटक उभे केले. अश्वघोषाचे ‘शारिपुत्रप्रकरण’ हे आज ज्यांचे अवशेष हाती आहेत अशा सर्वांत जुन्या संस्कृत नाटकांपैकी एक. त्याची फाटकी पाने मध्य आशियात सापडली आणि १९११ साली जर्मन विद्वान ल्यूडर्स यांनी ती प्रसिद्ध केली. विषय काय? सारिपुत्त आणि मोग्गलान यांची धम्मदीक्षा! सातव्या शतकात सम्राट हर्षाने ‘नागानंद’ लिहिले. त्याची नांदी बुद्धाच्या स्तवनाने होते आणि नायक जीमूतवाहन दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा देह देतो. चिनी भिक्खू इत्सिंगने नोंदवून ठेवले आहे की हर्षाने ही कथा संगीत आणि नृत्यासह सादर करवली. केरळच्या कुडियाट्टममध्ये ‘नागानंद’ आजही होते. आणि लांब कशाला जायचे? जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तिका आहे, तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया आहेत. आमची माणसे सहलीला जातात, पद्मपाणीपुढे हात जोडतात आणि त्या नर्तिकेपुढून निघून जातात. ती आमचीच आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

मंचावर अस्पृश्य अगदीच येत नाही असे नाही. तो येतो, पण कसा येतो ते पाहा. दक्षिणेत नंदनाराची कथा नाचतात. एकोणिसाव्या शतकात गोपालकृष्ण भारतींनी ती गीतांत बांधली. अस्पृश्य शेतमजूर नंदनार चिदंबरमच्या दर्शनासाठी तळमळतो आणि शेवटी अग्नीतून शुद्ध होऊन आत जातो. प्रेक्षक डोळे पुसतात. बाबासाहेबांनी १९४८ साली आपला ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला, म्हणजे नंदनाराचे मोठेपण त्यांनी मानलेच. पण मंदिराचे दार उघडण्यासाठी जळायचे कुणी? नंदनाराने! दार बंद करणाऱ्याला मात्र आच लागत नाही. भक्तीच्या नावाखाली हा अन्याय सुंदर दिसतो, आणि तीच त्या कथेतली अडचण आहे.

दुसरी कथा आमच्या अधिक जवळची आहे, ‘चांडालिका’. रवींद्रनाथ टागोरांनी १९३३ साली हे नाटक लिहिले आणि १९३८ साली त्याची नृत्यनाटिका केली. विहिरीवर प्रकृती नावाची चांडाळकन्या उभी आहे. आनंद पाणी मागतो. ती जात सांगते. आनंदाला जातीशी काम नसते, पाण्याशी असते. मृणालिनी साराभाईंसारख्या मोठ्या नर्तिकेने ही नृत्यनाटिका केली, आणि देशभर ती आजही होते. काही वर्षांपूर्वी धुळ्याला एका स्नेहसंमेलनात मुलींनी ती केलेली आम्ही पाहिली. पाणी मागण्याच्या प्रसंगाला आमचा कंठ दाटून आला. महाडचे चवदार तळे आठवले.

पण नंतर? टागोरांच्या कथेत प्रकृती आनंदाच्या प्रेमात पडते, आईकडून मंत्रतंत्राने त्याला खेचून आणवते, पश्चात्ताप होतो, आई मरते, पडदा पडतो. जातीचा प्रश्न विहिरीवर सुरू झाला आणि प्रेमाच्या ओढीत विरून गेला. टागोरांनी ज्या बौद्ध कथेवरून हे घेतले ती ‘दिव्यावदाना’तली शार्दूलकर्णाची कथा मात्र इथे थांबत नाही. तिथे प्रकृती संघात येते, भिक्खुणी होते. मग श्रावस्तीत खळबळ उडते. चांडाळाची मुलगी भिक्खुणी? ब्राह्मण चिडतात, राजा प्रसेनजितही येतो. तेव्हा तथागत मातंगांचा राजा त्रिशंकू याची कथा सांगतात. तो आपल्या मुलासाठी, शार्दूलकर्णासाठी, पुष्करसारी या ब्राह्मणाच्या मुलीला मागणी घालतो. पुष्करसारी संतापतो, आणि त्रिशंकू त्याच्याशी जातीवर वाद घालतो. प्राण्यांच्या, झाडांच्या जाती वेगळ्या दिसतात, माणसात तसा कोणता भेद आहे, दाखव! ब्राह्मण निरुत्तर होतो आणि मुलगी देतो. कथेतला पूर्वजन्माचा धागा आम्ही मानत नाही, तो सोडून द्या. पण हा वाद? हा तर जातिनिर्मूलनाचा वाद आहे! बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये प्रकृतीची कथा घेतली, ती स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणात. त्यांच्या दृष्टीने तिची खरी गोष्ट दीक्षेची होती.

म्हणजे मंचावर आजवर आम्ही अर्धीच चांडालिका पाहत आलो. पाणी देणारी पाहिली, प्रेम करणारी पाहिली. श्रावस्तीला हादरवणारी भिक्खुणी आणि ब्राह्मणाला निरुत्तर करणारा मातंग राजा आम्ही कधी पाहिला नाही. तो उरलेला भाग आमच्या मुलींनी नाचायचा आहे. ‘मग मी काय नाचू?’ या प्रश्नाचे आमचे पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर खान्देशच्या मातीतच आहे. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खान्देशच्या दौऱ्यावर होते. धुळे मार्गावरच्या एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला टांगेवाले तयार होईनात. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. मग टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपलाच एक माणूस बसला, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा खाली नदीत गेला. त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. आपल्या माणसांनी त्यांचा मान राखण्यासाठी त्यांचा जीव धोक्यात घातला, आणि परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरपेक्षा स्पृश्य टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजत होता, हे त्यांना त्या दिवशी कळले. सांगा, यात नाट्य कमी आहे का? घोड्याची चाल पायांच्या बोलांत येणार नाही का? टांगेवाल्याचा नकार एका मानेच्या झटक्यात दाखवता येणार नाही का? मृणालिनी साराभाईंनी १९६३ सालीच सौराष्ट्रातल्या स्त्रियांच्या आत्महत्यांवर याच भरतनाट्यम्‌च्या भाषेत नृत्य बसवले होते. म्हणजे ही भाषा आजचे दुःख बोलू शकते, हे सिद्ध झालेले आहे. ज्यांचे दुःख आहे त्यांनी ती शिकून घेतली पाहिजे.

आता थोडे कायद्याचे. संविधानाच्या अनुच्छेद २८(३) नुसार, शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. स्नेहसंमेलनातली नृत्यनाटिका ‘धार्मिक शिक्षण’ ठरते का, यावर कोर्टात वाद होईल. २००२ च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचा अभ्यास आणि धार्मिक शिक्षण यांत फरक केला आहे, हे आम्ही लपवणार नाही. पण सद्सद्विवेकाच्या विरुद्ध मुलांवर सक्ती करता येत नाही, हे राष्ट्रगीताच्या प्रकरणात, १९८६ च्या बिजो इमॅन्युएल खटल्यात, त्याच न्यायालयाने सांगितले आहे. खासगी क्लासला २८(३) लागू होत नाही. तिथे फी आपली आहे, शब्दही आपला असावा. म्हणून पालकांनी भांडण न करता लेखी कळवावे की आमच्या मुलीला बुद्ध-अवताराची भूमिका देऊ नये. आमचा अनुभव असा की निम्म्या ठिकाणी द्वेष नसतो, अज्ञान असते. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही वकील आहोतच.

आणि चळवळीने काय करावे? विहारात रविवारी धम्मवर्ग चालतात. तिथे महिन्यातून एक तास तरी या विषयाला द्यावा. नाच शिकणाऱ्या मुलींना प्रकृतीची पूर्ण कथा सांगावी. आमच्या कवींनी तालात बसतील अशी पदे लिहावीत. तमाशाच्या फडातून निवृत्त झालेल्या, म्हातारपणी औषधाला मोताद असलेल्या आमच्या आया-मावश्यांना त्याच मंचावर बोलावून त्यांचा सत्कार करावा. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्यांचा मुक्काम झाला होता. दर वर्षी ३१ जुलैला तिथे हजारो लोक भर पावसात जमतात, भीमगीते होतात. त्या दिवशी तिथे चाळीसगावच्या टांग्याची गोष्ट घुंगरांच्या तालावर का होऊ नये? ढोलकी आणि मृदंग एका मंचावर का वाजू नयेत?

त्या स्नेहसंमेलनाला आम्ही गेलो होतो. मुलीने बळीची भूमिका केली. शाळेने कथानक बदलले नव्हते. वामनाने तिसरे पाऊल उचलले, डोक्यावर ठेवले. तालमीत बळीने हात जोडून, मान खाली घालून बसायचे असे ठरले होते. मुलगी बसली, पण मान खाली घातली नाही. पाय डोक्यावर असेपर्यंत तिने वामनाकडे सरळ वर पाहिले. पापणी लवली नाही. सभागृहात किती लोकांना ते कळले, कोण जाणे. आमच्या शेजारी बसलेल्या तिच्या आजीला कळले. तिने पदर डोळ्यांना लावला.

त्या रात्री आम्ही मुलीच्या बापाला सांगितले की क्लास बंद करू नका, फी कमी पडली तर आम्ही आहोत. आधी दिलेला सल्ला चुकीचा होता, तो मागे घेतो. ती आता प्रकृतीचा उरलेला भाग शिकते आहे. पदे कुणीतरी लिहून द्यायची आहेत. वाचकांपैकी ज्यांच्या हातात लेखणी आहे त्यांनी मनावर घ्यावे.

जयभीम!